खरी नक्कल

लंडनच्या कपाटातला कागद अंजनगाव सुर्जीत बसून दोन मिनिटांत पाहता येतो. अंजनगाव सुर्जीतल्या कपाटातला कागद पाहायला मात्र तीन दिवस लागतात, कारण तो नक्कलभाऊंनी डिजिटल केलेला आहे.

नक्कलभाऊ हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. आणि हा वाण फक्त आमच्याच मातीत येतो असंही नाही. अकोटात एक आहे, दर्यापुरात एक आहे, परतवाड्यात तर दोघं आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. गावातल्या प्रत्येक जुन्या दगडाचा, ट्रंकेचा, पोथीचा फोटो ज्याच्या मोबाइलमध्ये आहे आणि ज्याच्याकडून तो कुणालाही मिळत नाही, असा एक गृहस्थ तुमच्याही गावात असणारच. वय साठीच्या पुढचं, खिशाला दोन पेनं, गळ्यात चष्म्याची दोरी, पाठीवर सॅक, सॅकमध्ये मोबाइलचं स्टँड, पॉवर बँक आणि पोथीवरची धूळ झटकायला दाढीचा जुना ब्रश. आमचे नक्कलभाऊ या वाणातले अव्वल.

गावात पाहुणा आला की कुणी ना कुणी त्याला पानठेल्यावर नेतो, आणि पानठेल्यावर भाऊ असतात. आमच्याकडे पानमळे आहेत, पानपिंपरी आहे. विडा निगुतीनं लावला जातो, आणि तो लागेस्तोवर पाहुण्याला हलता येत नाही.

"दिल्ली इंग्रजाले कोनं देल्ली, सांगा बरं?"

"शिंद्यांनी?" पाहुणा चाचरत म्हणतो.

"देल्ली शिंद्यानंच. पन कुठी बसून देल्ली? अठी!" आणि भाऊ जमिनीकडे असं बोट रोखतात की पाहुणा नकळत पाय मागे घेतो.

गोष्ट खोटी नाही. १८०३ च्या २३ सप्टेंबरला असईला, २९ नोव्हेंबरला आपल्या अडगावला आणि १५ डिसेंबरला गाविलगडावर इंग्रजांनी मराठी फौजा मोडल्या. दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांनी देवगावला तह केला आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंद्यांच्या वकिलांनी आर्थर वेलस्लीशी सुर्जी-अंजनगावला. गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली-आग्र्याकडचा मुलूख, भडोच, अहमदनगरचा किल्ला, एवढं सगळं त्या कागदानं कंपनीच्या पदरात पडलं. जनरल लेकनं दिल्ली सप्टेंबरातच घेतली होती, असं एकदा एका कॉलेजच्या पोरानं भाऊंना ऐकवलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "ताबा वेगळा, फेरफार वेगळा. फेरफार अठी झाला." त्या पोराचे वडील तलाठी होते. त्यालाही पुढे बोलवेना.

"भाऊ, एवढी दिल्ली देल्ली तं गावाले काय भेटलं?" पानठेलेवाल्याचा हा ठरलेला प्रश्न.

"नाव भेटलं."

"तेबी उलटं. तहात सुर्जी पहिले, एस.टी.च्या पाटीवर अंजनगाव पहिले."

मग विठ्ठलपंतांची पाळी येते. शिंद्यांचे हे म्हातारे मुत्सद्दी बोलणी करताना चेहऱ्यावरची रेघ हलू देत नसत. जॉन माल्कमनं पत्त्यांच्या एका डावावरून त्यांचं टोपणनाव 'ओल्ड ब्रॅग' असं पाडलं. पुढे युरोपात वेलस्लीचा वेलिंग्टन झाल्यावर त्याला फ्रान्सच्या तालेरांबद्दल विचारलं, तेव्हा तो म्हणाला की बराचसा आपल्या ओल्ड ब्रॅगसारखा आहे, पण तेवढा हुशार नाही. ही गोष्ट सांगताना भाऊंच्या डोळ्यांत पाणी येतं. त्यांनी स्वतःचा चेहरा विठ्ठलपंतांवरच बेतला आहे. त्यांच्याकडे एखादा फोटो मागून पाहा, म्हणजे दिसेल.

हे सगळं भाऊंना मिळालं कुठून? फुकट, बाजेवर बसून. वेलिंग्टनची पत्रं कर्नल गरवुडनं १८३० च्या दशकात छापली. त्यांचे खंड आज इंटरनेट आर्काइव्हवर कुणीही उघडावेत. अमरावती जिल्ह्याचं १९११ चं गॅझेटिअर तसंच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला मराठी विश्वकोश मोबाइलवर आहे. पूर्वी यातलं एकेक पुस्तक पाहायला नागपूर नाहीतर पुणं गाठावं लागे, तिथं ओळख काढावी लागे, आणि ओळखीचा माणूस नेमका रजेवर असे. आता भाऊंना एकाही ठिकाणी अर्ज करावा लागला नाही. याचं त्यांना मनातून वाईट वाटतं. "नुसतं बटन दाबलं आन् देल्लं. कायले पायजे, हेबी नाई इचारलं. असं कार्यालय असते काय?"

या वाक्यामागे छत्तीस वर्षांची नोकरी आहे. भाऊ एका सरकारी कचेरीत नकलेच्या खिडकीमागे बसत. जुना कागद हवा असला की अर्ज करायचा, त्याला कोर्ट फीचं तिकीट लावायचं, आणि प्रयोजनाच्या रकान्यात नक्कल कशासाठी हवी ते लिहायचं. मग भाऊ नक्कल उतरवत, दुसरा कारकून मूळ कागद मोठ्यानं वाचून रुजवात घेई, आणि शेवटी भाऊ 'खरी नक्कल' असा शिक्का मारत. तो शिक्का मारताना त्यांचं तोंड मुंज लावणाऱ्या भटजीसारखं होई. प्रयोजनाचा रकाना हा त्यांचा जीव की प्राण. एका म्हाताऱ्यानं त्यात 'पाहासाठी' असं लिहिलं होतं. भाऊंनी अर्ज परत केला. पाहणे हे प्रयोजन होऊ शकत नाही.

निवृत्तीच्या दिवशी लोक शाल-नारळ घेऊन घरी जातात. भाऊंनी रद्द झालेला जुना शिक्का मागून घेतला. पुण्याच्या मुलानं मोबाइल पाठवला. या दोन वस्तू एका घरात आल्या आणि आमच्या गावाचा सांस्कृतिक वारसा डिजिटल व्हायला सुरुवात झाली.

भाऊंच्या मेहनतीबद्दल कुणी शंका घेऊ नये. भर उन्हात, मे महिन्यात, पारावरच्या झिजलेल्या दगडावर ओलं फडकं फिरवून अक्षरं उठावात आणताना मी त्यांना पाहिलं आहे. कचेरीतल्या जुन्या दस्तांमुळे मोडी त्यांना फडफड वाचता येते. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ साली. भाऊंनी मोबाइलवर पहिला मोडी संदेश पाठवला तो वहिनींना, 'चहा ठेव' असा. वहिनींच्या मोबाइलवर चौकोन-चौकोन उमटले. चहा आला नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला आणि मोडीवाल्यांना एकदम भाव आला, तेव्हा लांबलांबची माणसं भाऊंच्या ओट्यावर बसून असायची. भाऊंनी एक पैसा घेतला नाही. अर्ज मात्र घेतले.

तर भाऊंनी काय काय टिपलं म्हणता? सुर्जीत देवनाथ महाराजांचा मठ आहे. महाराजांचा काळ १७५४ ते १८२१, म्हणजे तह झाला तेव्हा ते हयात होते. त्यांच्या पदांच्या हातानं उतरलेल्या वह्या लोकांनी माळ्यावरून काढून दिल्या. लग्नपत्रिका. गहाणखतं. शकुंतलेची तिकिटं. मूर्तिजापूर ते अचलपूर अशी अडीच फुटी रुळांची ही गाडी आमच्या गावावरून जायची, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर. आता धावत नाही. तिच्या पुठ्ठ्याच्या तिकिटांचे फोटो भाऊंनी दोन्ही बाजूंनी काढले आहेत, आणि कोऱ्या बाजूवरही शिक्का आहे.

शिक्क्याचं सांगायचं राहिलंच. त्या रद्द शिक्क्याचा फोटो काढून मुलाकडून त्यांनी त्याचा वॉटरमार्क करून घेतला. आता पोथीच्या प्रत्येक पानावर एक शिक्का आडवा, एक तिरपा आणि खालच्या कोपऱ्यात भाऊंचा पासपोर्ट फोटो. वाळवीनं दोनशे वर्षांत जेवढा मजकूर खाल्ला नव्हता, तेवढा भाऊंनी एका दुपारी झाकला. कुणी म्हटलं, "भाऊ, अक्षर दिसत नाई," तर उत्तर तयार: "मूळ प्रतीवर दिसते ना? मंग नक्कल खरी हाये."

मोबाइलमधले फोल्डर 'बस्ता क्रमांक १', 'बस्ता क्रमांक २' असे आहेत. कोणत्या बस्त्यात काय, याची नोंद लाल कापडात बांधलेल्या एका रजिस्टरात आहे. ते रजिस्टर डिजिटल केलेलं नाही. "ते कार्यालयीन हाये."

व्हॉट्सॲपवर त्यांचा गट आहे. नाव, 'आपला वारसा, सर्वांसाठी'. त्यात फक्त ॲडमिनला लिहिता येतं. ॲडमिन भाऊ. रोज सकाळी सहा वाजता एक फोटो येतो, त्याखाली 'पुढे पाठवू नये'. चारशेच्या वर माणसं रोज तो फोटो पाहतात, कशाचा आहे ते कळत नाही, आणि विचारायची सोय नाही. मनातल्या मनात हात जोडून लोक कामाला लागतात.

न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्या गावच्या एका मुलीची कथा तर पानठेल्यावर अजून चघळतात. तिच्या पणजोबांच्या हातची ज्ञानेश्वरीची प्रत तिच्याच काकांनी भाऊंना फोटोसाठी दिली होती. काका वारले, घर विकलं गेलं, पोथी कुठं गेली ते कळेना. उरले ते भाऊंच्या मोबाइलमधले फोटो. मुलीनं तिकडच्या रात्री दीड वाजता फोन लावला. तिच्या लेकीला मराठी वाचता येत नव्हतं, पण पणज्याच्या बापाचं अक्षर तिला पाहायचं होतं.

भाऊंनी प्रेमानं विचारपूस केली. बर्फ किती पडला, तिकडे तुरीची डाळ भेटते का. मग म्हणाले, "बेटा, अर्ज टाक. आन् त्याले वारसाचा दाखला जोड."

"काका, फोटोसाठी?"

"वारसा पाह्यचा म्हंजे वारस पायजे ना."

पीडीएफ गेली शेवटी. पासवर्ड लावून. पासवर्ड काय तर तहाची तारीख, आणि ती फोनवर सांगण्याआधी असई, अडगाव, गाविलगड. तिकडे उजाडलं.

पासवर्डाचं भाऊंकडे शास्त्रोक्त समर्थन आहे. आमच्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात जिथं लीळाचरित्र रचलं ते, आणि आता जिथं मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे ते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि शतकानुशतकं ते बाहेरच्या कुणाला वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारखे अभ्यासक त्यामागे लागले तेव्हा कुठे ते दार उघडलं. भाऊ म्हणतात, "पाहा, पासवर्ड म्हंजे आपली परंपरा हाये."

हा युक्तिवाद बिनतोड आहे, फक्त अर्धा आहे. त्याच लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीच्या धामधुमीत गेली, आणि हिराइसेसारख्या ज्यांना ते तोंडपाठ होतं त्यांच्या आठवणीतून ते पुन्हा उभं केलं गेलं. कुलपातली प्रत गेली, एका बाईच्या तोंडची राहिली. पण हे भाऊंना सांगायची माझी छाती झाली नाही. ते काम दुसऱ्यानंच केलं.

आमच्या गल्लीतला एक पोट्टा अमरावतीला मराठीत एम.ए. करतो. गाव त्याला एम.ए. म्हणूनच हाक मारतं. त्याला जन्मापासून दिसत नाही. त्याचा मोबाइल त्याच्याशी बोलतो. पडद्यावर बोट फिरवलं की तिथं जे लिहिलेलं असेल ते वाचून दाखवतो, तेही इतक्या वेगानं की आपल्याला वाटावं लिलाव चालू आहे. एस.टी.त बसून त्यानं अशी कितीतरी पुस्तकं ऐकून संपवली. त्याला देवनाथ महाराजांच्या पदांवर निबंध लिहायचा होता. तो भाऊंकडे आला. अर्ज घेऊन आला, तिकीटही लावून आणलं. अर्जावर प्रयोजन लिहिलं होतं: 'ऐकणे'.

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. छत्तीस वर्षांत या रकान्यात हा शब्द आला नव्हता. तरी पोराची तळमळ पाहून त्यांनी नियम वाकवला आणि तिसऱ्या दिवशी बस्ता पाठवला. पासवर्डही पाठवला, कागदावर लिहून त्याचा फोटो काढून. वर शिक्का.

संध्याकाळी एम.ए. ओट्यावर हजर.

"भाऊ, माया फोन म्हन्ते, चित्र."

"कोनतं पान?"

"पहिलं पान चित्र. दुसरं चित्र. एकशेबाराव्या पानापर्यंत चित्र. पासवर्डबी चित्र. तुमी सारं गाव फोनात टाकलं, पन माया फोनाले त्यात एक अक्षर नाई सापडलं."

भाऊंना वाटलं मोबाइल बिघडला. पोरानं समजावलं. फोटोतलं अक्षर हे मोबाइलच्या लेखी अक्षरच नसतं, डाग असतो. ते ओळखून त्याचा मजकूर करणारी यंत्रं आहेत, छापील मराठी आता बरीच ओळखतात, पण हाताच्या वळणदार अक्षरावर अडखळतात, आणि ज्यावर दोन-दोन शिक्के आहेत त्याच्यापुढे हात टेकतात. रुडकीच्या आय.आय.टी.नं २०२५ मध्ये मोडीचं देवनागरी करून देणारी प्रणाली जाहीर केली, हेही त्यानं सांगितलं. भाऊंचा प्रश्न एकच: "तिची रुजवात कोन घेते?"

मला विचाराल तर प्रश्न चुकीचा नाही.

मग पोरानं शेवटचं अस्त्र काढलं. "भाऊ, माधानचे गुलाबराव महाराज. नऊ महिन्यांचे असतानी डोये गेले. चौतीस वर्सं जगले आन् शंभराच्या वर ग्रंथ केले. त्यायले लोकं वाचून दाखवत होते ना? त्यायच्याजोळ अर्ज कोनं मांगतला?" आणि थोडं थांबून, "आपल्याच तालुक्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. शाया नाई शिकले. पन शेवटचं कीर्तन वांद्र्याले केलं, ८ नोव्हेंबर १९५६, ते कोनीतरी टेपवर घेतलं म्हून मी आज एस.टी.त बसून ऐकतो. त्या टेपवर कोनाचा फोटो नाई, शिक्का नाई."

भाऊंचा चेहरा विठ्ठलपंतांचाच राहिला. पण आतून वहिनींचा आवाज आला, "वाचून द्या ना जी त्याले. रोज माया डोक्यापाशी वाचताच."

अशी आमच्या गावच्या पहिल्या बोलक्या पोथीची सुरुवात झाली. भाऊंनी खोलीचा पंखा बंद केला, स्टँडवर मोबाइल लावला, आणि वाचलं. पण कसं वाचलं? रुजवातीच्या पद्धतीनं. छत्तीस वर्षं जी ऐकली, तीच एक पद्धत त्यांना ठाऊक. "पान पहिले. ओळ पहिली. श्रीगणेशायनमः, दंड, दंड. येथे कुंकवाचा डाग. ओळ दुसरी. पाच अक्षरे वाळवीने नेली. सहावे अक्षर 'रा' किंवा 'स', शपथेवर सांगता येत नाही. समासात वेगळ्या शाईने, बहुधा पोराने, मांजर काढले आहे. मांजरास शेपूट नाही." शिक्का मारायला जागा नव्हती, म्हणून दर दहा मिनिटांनी भाऊ घसा खाकरून म्हणतात, "संकलन, अंजनगाव सुर्जी, ही खरी नक्कल असे."

एम.ए.नं पहिला भाग ऐकला आणि तो रात्रभर झोपला नाही. आजवर त्याला लोकांनी पुस्तकं वाचून दाखवली होती. पोथी कशी दिसते हे कुणी सांगितलं नव्हतं. डाग, मांजर, फाटका कोपरा, शाई बदलली ती जागा. डोळे असणाऱ्यांनी ते फोटो पाहून सोडून दिले होते, शिक्क्यांमुळे म्हणा की आळसामुळे.

पोरानं विचारलं, हे गटावर टाकू का. भाऊ म्हणाले, अर्ज कर. वहिनींनी आतून काहीतरी म्हटलं, ते मला नीट ऐकू आलं नाही, पण भाऊंनी लगेच परवानगी दिली.

आता गावात काय चाललं आहे ते सांगतो. संत्र्याच्या बागेत पाणी देणारा गडी कानात बोंडं घालून भाऊ ऐकतो. ज्यांना वाचता येत नाही अशा आजीबाई ऐकतात. न्यू जर्सीची ती लेक ऐकते. तिला मराठी वाचता येत नाही, समजतं. 'मांजरास शेपूट नाही' हा वाक्प्रचार गावात रूढ झाला आहे. व्यवहारात काही कमी आढळलं की लोक तेवढंच म्हणतात. एकदा एम.ए.नं भाऊंचं बोलणं मोबाइलकडून आपोआप लिहून घ्यायचा प्रयोग केला. भाऊ म्हणाले, "मी माया डोयानं पाह्यलं." मोबाइलनं लिहिलं, 'मी माया दयाने पाहिलं.' ही माया कोण आणि दया कोण, यावर पानठेल्यावर चार दिवस खल झाला. वऱ्हाडीत ळ चा य होतो हे अजून त्या यंत्राला कुणी सांगितलेलं दिसत नाही. भाऊंनी तो मजकूर छापून घेतला, लाल शाईनं दुरुस्त केला आणि 'अमान्य' असा शेरा मारून फाइलला लावला.

राहिल्या वहिनी. पोथी वाचताना भाऊ अडले की स्वयंपाकघरातून दुरुस्ती येते. ती सगळी ध्वनिफितीत आली आहे, कुकरच्या शिट्टीसकट. एका भागात भाऊ चष्मा शोधायला उठले आणि मोबाइल चालूच राहिला. वहिनी डाळ निवडत सासूची ओवी गुणगुणत होत्या. तेवढी तीन मिनिटं गावानं सगळ्यांत जास्त वेळा ऐकली.

भाऊंना हे पटेना. वहिनींच्या ओव्या ते चाळीस वर्षं ऐकत आले आहेत, पण एकही कधी टिपली नव्हती, आणि त्यामागे तत्त्व होतं. "ओवीले कागद कुठी हाये? मूळ प्रतच नाई तं नक्कल कायची करू?" तेव्हा एम.ए.नं त्यांना हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांचं काम ऐकवलं. त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर येत आहेत, आवाजासह, गाणारणीच्या नावासह, तिच्या गावासह.

"बाईचं नाव लिवलं?"

"लिवलं."

"आन् गोळा करनाऱ्याचा शिक्का?"

"नाव हाये. शिक्का नाई."

भाऊ बराच वेळ बोलले नाहीत. मग लाल कापड सोडलं, रजिस्टर काढलं, नवीन पान घेतलं. ते पान मी नंतर चोरून पाहिलं. मूळ प्रत या रकान्यात वहिनींचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नाव आहे. प्रतीची स्थिती: 'अखंड, चालू.' ठिकाण: 'स्वयंपाकघर.' आणि प्रयोजन या रकान्यात भाऊंनी, स्वतःच्या सुवाच्य कारकुनी अक्षरात, 'ऐकणे' असं लिहिलं आहे.

याचा अर्थ भाऊ बदलले असा कुणी घेऊ नये. फोटोंवर शिक्के आहेत ते आहेतच. गटात अजूनही एकट्या ॲडमिनलाच लिहिता येतं. ध्वनिफिती खुल्या आहेत, पण त्या 'बस्ता क्रमांक' याच नावाखाली आहेत आणि कोणत्या बस्त्यात काय हे रजिस्टर सांगतं.

तेव्हा वाचकहो, तुमच्या माळ्यावर ट्रंक असेल आणि ट्रंकेत पोथी असेल, तर आधी स्वतः फोटो काढा, सावली पडू देऊ नका, आणि कुणाची, कुठली, केव्हाची ते खाली मजकूर म्हणून टाइप करा, फोटोवर नको. घरातल्या म्हातारीला बोलतं करून तिचं नाव-गाव लावून ठेवा. एवढं सगळं झालं की मग खुशाल नक्कलभाऊंना कळवा. ते स्टँड आणि दाढीचा ब्रश घेऊन दुसऱ्याच दिवशी येतील. चहा बिनसाखरेचा लागतो.